पावसाळा वगळून केलेली मोजणी

पृथ्वीच्या पृष्ठभागापैकी गोड्या पाण्याच्या वाट्याला येतो जेमतेम ०.८ टक्के भाग. जगातल्या ज्ञात प्राणी-प्रजातींपैकी सुमारे ९.५ टक्के मात्र याच पाण्यात राहतात. जागेच्या हिशेबाने ही गर्दी बारा पट झाली. २००८ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन केलेल्या मोजणीत गोड्या पाण्यातल्या प्राण्यांच्या १,२५,५३१ प्रजाती भरल्या. मासे, बेडूक, कासवं असे पाठीचा कणा असलेले त्यात १८,२३५. उरलेल्या १,०७,२९६ प्रजाती, म्हणजे दर सातांपैकी सहा, कणा नसलेल्यांच्या. त्यांत कीटक ७५,८७४, खेकडे-कोळंबीसारखे कवचधारी ११,९९० आणि गोगलगायी-शिंपले ४,९९८. नदीचं जीवन म्हटलं की आपण माशांपाशी थांबतो, आणि सातांतल्या सहांना हिशेबाबाहेर ठेवतो.

या सहांपैकी खेकड्यांचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. २००८च्याच आणखी एका जागतिक यादीत, समुद्रातले धरून, खेकड्यांच्या एकूण ६,७९३ प्रजाती होत्या. पुढच्याच वर्षी गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचा स्वतंत्र आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांच्या १,२८० प्रजाती निघाल्या. खेकडा म्हणजे समुद्रातला प्राणी, ही आपली पक्की समजूत; पण खेकड्यांच्या दर पाच जातींमागे जवळपास एक जात समुद्राशी नातं तोडून उष्ण प्रदेशातल्या ओढ्यांत, भातखाचरांत आणि डोंगरकड्यांत राहायला आलेली आहे.

इतक्या जाती का झाल्या, याचं उत्तर अंड्यांच्या संख्येत आहे. खाडीतली मोठी चिंबोरी एका वेळी वीस ते पन्नास लाख अंडी धरते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिल्लं प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. बहुतेक मरतात, पण जी उरतात ती नव्या किनाऱ्याला लागतात. गोड्या पाण्यातल्या मादीची अंडी काही डझन, फार तर काही शे. ती आकाराने मोठी आणि बलकाने भरलेली असतात. समुद्री खेकड्याची पिल्लं ज्या अवस्था पाण्यावर तरंगत पार करतात, त्या इथे अंड्याच्या आतच उरकतात. बाहेर येतो तो थेट चिमुकला खेकडा, आणि तोही काही काळ आईच्या पोटाखालच्या पाळीत बसून राहतो. पावसाच्या लोंढ्यात पिल्लं समुद्राला मिळू नयेत, यासाठी ही व्यवस्था उत्तम. पण तिची किंमत अशी, की या प्राण्याला दूर जाताच येत नाही. मधे एक डोंगरसोंड आली, एखादं कोरडं पठार आलं, की पलीकडचे नातेवाईक कायमचे तुटतात. लाखो वर्षं असं तुटून राहिलं की त्यांची निराळी जात होते.

सह्याद्रीत हे ठिकठिकाणी घडलं आहे. कर्नल साइक्स आणि वेस्टवुड यांनी दख्खनच्या खेकड्यांवर लिहिलं ते १८३६ साली. आज बाजारात आणि घराघरांत शिजणाऱ्या नदीच्या काळ्या खेकड्याचं शास्त्रीय नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस; त्यातलं 'क्युनिक्युलॅरिस' हे जातीचं नाव त्याच वेळचं. त्यानंतर १७८ वर्षांनी, २०१४ साली, 'घाटियाना' ही अख्खी नवी प्रजातिकुळी, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट, नोंदली गेली. नारिंगी, जांभळ्या, लालभडक रंगांचे हे खेकडे घाटातल्या कातळांच्या भेगांत राहतात. त्यानंतरच्या दहा वर्षांत महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकाच्या डोंगरांतून या कुळीच्या नव्या जाती सतत सापडत आल्या आहेत. ते इतकी वर्षं तिथेच होते. आपण भर पावसात कातळाकडे वाकून पाहिलं नव्हतं, इतकंच.

या खेकड्यांचा इतिहास कातळापेक्षा लहान आहे, ही गोष्टही विलक्षण आहे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भारतातले गेकार्सिन्युसिडी कुळातले खेकडे मात्र आग्नेय आशियातल्या पूर्वजांपासून आले, असा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासाने काढला. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकताना आग्नेय आशियाच्या जवळून गेला, आणि साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळात खेकडे इकडे पोहोचले. एकदा पोहोचल्यावर ते किती घट्ट रुजले, हे श्रीलंकेवरून कळतं. भारत आणि श्रीलंका यांच्यामधली जमीन पाण्याखाली गेली ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. त्याआधी ती अनेकदा उघडी पडली होती. चालत जाण्याची वाट होती. तरीही दोन्हीकडचे खेकडे, कोळंब्या, मासे आणि बेडूक बव्हंशी आपापल्या बाजूलाच वाढले, हे २००४च्या एका अभ्यासाने दाखवलं.

याहून नवलाची एक गोगलगाय आहे. लिटोरिनिडी हे कुळ किनाऱ्यावरच्या खडकांना आणि खारफुटीला चिकटून राहणाऱ्या समुद्री गोगलगायींचं. त्यात सुमारे २०० जाती. त्यांपैकी क्रेम्नोकॉन्कस ही एकच कुळी गोड्या पाण्यात आली, आणि ती जगात फक्त सह्याद्रीत आहे: पश्चिमेकडच्या कड्यांवर, धबधब्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या दगडांवर, ३०० ते १,४०० मीटर उंचीवर. २०१३ पर्यंत तिच्या तीन जाती माहीत होत्या, तिन्ही महाराष्ट्रातल्या. त्या वर्षी कर्नाटकातल्या सहा नव्या जातींची भर पडून संख्या नऊ झाली.

आता धोक्याचे आकडे. जानेवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये गोड्या पाण्यातल्या २३,४९६ प्रजातींचा आढावा आला. २४ टक्के प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असं त्यात म्हटलं आहे. धोक्यातल्या प्रजातींची प्रत्यक्ष संख्या ४,२९४ दिली आहे; साधा भागाकार केला तर १८ टक्केच येतात. फरक पडतो तो ज्यांच्याविषयी पुरेशी माहितीच नाही अशा प्रजाती भागाकारातून वगळल्यामुळे. त्यांची संख्या साडेपाच हजारांच्या घरात जाते. खेकडे-कोळंबी गटात धोक्याचं प्रमाण ३० टक्के आहे, माशांत २६ आणि चतुरांत १६. धोक्यातल्या प्रजाती जिथे सर्वांत दाटीने आहेत, अशा जागांत पश्चिम घाटाचं नाव आहे. या आढाव्यात गोगलगायी मुळात नव्हत्याच.

धोक्यातल्या प्रजातींच्या लाल यादीचा एक निकष इथे फार महत्त्वाचा आहे. प्रजातीचा विस्तार २०,००० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी असेल आणि अधिवास बिघडत असेल, तर ती संकटाच्या पायरीवर येऊ शकते. १०० चौरस किलोमीटरांच्या आत असेल तर शेवटच्या पायरीवर. वाघासाठी १०० चौरस किलोमीटर म्हणजे काहीच नाही. कड्यावरच्या खेकड्यासाठी ती अख्खी दुनिया असू शकते, आणि त्यातला एक कडा फोडला तर जात संपू शकते.

म्हणूनच खाण प्रकल्पांसाठीच्या पर्यावरण आघात अभ्यासाची प्रमाण कार्यकक्षा मला अस्वस्थ करते. वनस्पती आणि प्राण्यांची पायाभूत नोंद एका हंगामात करावी, आणि तो हंगाम पावसाळ्याचा नसावा, असं तिच्यात लिहिलेलं आहे. मार्च ते मे, ऑक्टोबर ते डिसेंबर किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी, हे पर्याय. हवेच्या धुळीसाठी ते ठीक असेल. पण घाटियाना त्या महिन्यांत कातळाच्या भेगेत खोल दडलेला असतो. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, डबक्यांत पोहणारी परी कोळंबी, २०१४ साली वर्णन झालेली स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस हे तिचंच एक उदाहरण, डबकं आटल्यावर मातीत फक्त अंड्यांच्या रूपाने उरते. कोल्हापूरकडच्या बॉक्साइटच्या पठारावर मार्चमध्ये गेलेल्या माणसाने प्रामाणिकपणे पाहिलं तरी त्याच्या तक्त्यात शून्यच येईल. हे टाळायला कायदा बदलावा लागत नाही. सडे आणि कडे यांच्यासाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली एक मोजणी सक्तीची करावी, आणि तिच्यात खेकडे, गोगलगायी आणि डबक्यांतले कवचधारी यांचे स्वतंत्र रकाने असावेत.