केबल-सम्राटाची कारकीर्द आणि प्रतिमा : सुभाषचंद्र यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
उद्योजकाच्या प्रतिमेचा अभ्यास करताना ती कोणत्या माध्यमाने घडविली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. उद्योजक स्वतःच माध्यमाचा मालक असेल, तर तो अधिक गुंतागुंतीचा होतो. प्रस्तुत लेखात झी समूहाचे संस्थापक सुभाषचंद्र यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

वाहिनी आणि वितरण :
हरियाणातील धान्य-व्यापारी कुटुंबातून आलेल्या सुभाषचंद्र यांनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू केली. खासगी वाहिन्यांना भारतातून प्रक्षेपणाची मुभा नसल्याने कार्यक्रम हाँगकाँगहून एशियासॅट-१ उपग्रहाकडे पाठविले जात. १९९४ मध्ये सिटी केबलद्वारे त्यांनी वितरणातही प्रवेश केला. केबलविषयक केंद्रीय कायदा मात्र १९९५ मध्ये आला. कायदा मागे आणि बाजार पुढे, अशा या काळात कार्यक्रम व वितरण दोन्ही हाती असणे, हे त्यांच्या सामर्थ्याचे मर्म होते. तथापि चौलसारख्या किनारपट्टीवरील गावात माड-पोफळींच्या वाड्यांतून तार ओढून घरे जोडणे व मासिक वर्गणी गोळा करणे, हे काम स्थानिक केबलचालकाचेच होते. १९९९ ची अल्फा मराठी (२००५ पासून झी मराठी) घरोघरी पोहोचली, त्यात या अनामिकाचाही वाटा होता.

प्रतिमेची घडण :
'स्वकर्तृत्वाने उभा राहिलेला उद्योजक' ही त्यांची प्रतिमा २०१६ च्या 'द झेड फॅक्टर' या आत्मचरित्राने आणि समूहाच्याच वृत्तवाहिनीवरील त्यांच्या मार्गदर्शनपर कार्यक्रमाने दृढ केली. त्याच वर्षी ते राज्यसभेवर निवडून गेले. जानेवारी २०१९ मध्ये मात्र त्यांना कर्जदात्यांची जाहीर क्षमा मागावी लागली. पायाभूत सुविधांतील चुकीची गुंतवणूक आणि व्हिडिओकॉनचा डीटूएच व्यवसाय घेणे, ही कारणे त्यांनी त्या पत्रात दिली. तारण ठेवलेल्या समभागांमुळे संकट थेट मूळ कंपनीपर्यंत पोहोचले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यांनी तिचे अध्यक्षपद सोडले. प्रवर्तकांचा हिस्सा ५ टक्क्यांखाली आला.

निष्कर्ष :
सुभाषचंद्र यांचे साहस नाकारता येत नाही. परंतु स्वतःच्या पडद्यावरील प्रतिमा हे कर्तृत्वाचे पुरेसे प्रमाण नव्हे. तिच्याबरोबर धोरणातील पोकळी, केबलचालकांचे श्रम आणि कर्जाचा ताळेबंद वाचला, तरच कारकीर्दीचे न्याय्य मूल्यमापन संभवते. उद्योजकचरित्रे शिकविताना हीच दृष्टी विद्यार्थ्यांस देणे अगत्याचे आहे.