व्होल्गेचे माहेर : त्वेर प्रांत

रशियाचा नकाशा समोर घ्या. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग ही दोन मोठी शहरे रेघेने जोडा. मॉस्कोकडून निघालात की वाटेत जो मुलूख लागतो, तो त्वेर प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ८४ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडे अधिक.

पश्चिमेला वल्दाईचा उंचवटा आहे. डोंगर म्हणावा असा तो नव्हे. व्होल्गा उगम पावते ती जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटर उंच. पण तिथला इवलासा ओहळ पुढे साडेतीन हजार किलोमीटर वाहत कॅस्पियन समुद्राला मिळतो. याच प्रांतात उगवणारी पश्चिम द्विना मात्र बाल्टिक समुद्राची वाट धरते. जिथून नद्या दोन दिशांना जातात, तिथून व्यापारही जाणारच. अफनासी निकितिन हा त्वेरचाच व्यापारी. पंधराव्या शतकात तो व्होल्गेच्या पाण्याने निघाला, तो थेट आपल्या चौलला उतरला, आणि पावसाळ्यात जुन्नरला राहिला! परतताना मात्र घर गाठण्याआधीच वाटेत त्याचा अंत झाला.

आता पोटापाण्याचे पाहू. जमीन हलकी, थंडी कडक, निम्म्याहून अधिक भाग जंगलाचा. अशा जमिनीत धाग्यासाठी लावलेले जवस चांगले येते. त्यापासून लिननचे कापड होते. १८५१ साली दोन राजधान्यांना जोडणारी रेल्वे इथून गेली. पुढे १८९८ साली त्वेर शहरात आगगाडीचे डबे बांधण्याचा कारखाना निघाला. तो आजही चालू आहे. उदोम्ल्या येथे तळ्यांच्या काठी अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या चार भट्ट्या प्रत्येकी एक हजार मेगावॉटच्या.

मग अडचण कसली? माणसांची. १९८९ साली प्रांतात सुमारे १६ लाख ७० हजार लोक होते. २०२१ च्या शिरगणतीत १२ लाख ३० हजार उरले. जन्मापेक्षा मृत्यू जास्त, आणि तरुणांना मॉस्को हाकेच्या अंतरावर. २०१० च्या शिरगणतीत नऊ हजारांहून अधिक खेड्यांपैकी दोन हजारांवर खेड्यांत एकही रहिवासी नव्हता.

राज्यकारभारावर याची छाया पडणारच. १९३५ साली हा प्रांत कालिनिन या नावाने स्थापन झाला. १९९० साली जुने नाव परत आले. त्याचे ३६ रायोन, म्हणजे आपले तालुके समजा ना. त्यांच्या पोटात छोट्या ग्रामसंस्था होत्या. अलीकडे अनेक ठिकाणी त्या मोडून अख्ख्या तालुक्याचा एकच ‘ओक्रुग’ केला आहे. माणसे थोडी, तर कचेऱ्या कशाला, हा हिशेब सरळ आहे. पण वाचकहो, आडगावातल्या म्हाताऱ्या बाईच्या बाजूने पाहा. कचेरी जितकी दूर, तितकी तिची तक्रार पोचायला कठीण. ज्या मुलखाने जगाला वाटा दिल्या, त्याचा आजचा प्रश्न आपल्याच खेड्यापर्यंत वाट राखण्याचा आहे.