आधी पान छाटा

‘माझं पान मोबाइलवर आडवं सरकतंय, मदत करा.’ वेब डिझाइन शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन चर्चांत असा प्रश्न नेहमी येतो. जाणत्यांचं पहिलं उत्तरही ठरलेलं: अख्खी साइट नको, बिघाड दिसेल एवढाच लहानात लहान नमुना दाखवा. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर तर असा नमुना कसा करावा, हे सांगणारं वेगळं पानच आहे. नवख्याला ही टाळाटाळ वाटते. माझ्या मते खरं शिकणं इथेच सुरू होतं.

अशी एक छाटणी मी शेवटपर्यंत पाहिली. विचारणारीने मेनू काढला, पान सरकतच राहिलं. फोटो काढले, तरी तेच. शेवटी उरले शेजारी शेजारी मांडलेले दोन रकाने आणि एकात लांबलचक लिंक. ती काढली की पान जागेवर. लिंक मध्येच तुटावी म्हणून ‘ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड’ तिने आधीच लावलं होतं. एकाने सुचवलं, बॉडीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावा. दुसऱ्याने अडवलं: त्याने बिघाड फक्त झाकला जाईल आणि उजवीकडचा मजकूर कापला जाईल. मग कारण निघालं. फ्लेक्समधला रकाना आतल्या सर्वांत लांब, सलग तुकड्यापेक्षा अरुंद व्हायला मुळात तयारच नसतो. त्याला ‘मिन-विड्थ: ०’ दिलं, लिंक तुटली, पान थांबलं. उपाय एका ओळीचा, पण तो का लागू पडतो हे त्या वादामुळे कळलं. दोन जाणत्यांचा असा मतभेद एकट्याने व्हिडिओ पाहून शिकताना कानावर पडत नाही.

देवनागरीची दुखणी तर इंग्रजी धड्यांत सहसा नसतातच. लॅटिन शीर्षकाला शोभणारं लेटर-स्पेसिंग मराठी शीर्षकाला लावलं की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते. लाइन-हाइट फार कमी ठेवली तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. पानाच्या ‘लँग’मध्ये मराठीचा ‘एमआर’ हा कोड दिला, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. हे ज्याने स्वतः सोडवलं आहे, तोच सांगू शकतो, आणि मराठीत सांगणारे फार थोडे आहेत.

म्हणून तुमचा प्रश्न सुटला की नुसते आभार मानून निघून जाऊ नका. नमुना, कारण आणि उपाय, तिन्ही तिथेच मराठीत लिहून ठेवा.