गार पावलांची नोंद

१९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पी. एम. मुंडले या नावाने एक छोटं टिपण छापून आलं. विषय होता विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी भरण्याचा. अंक चाळताना नजरेखालून निसटून जावा इतकाच तो मजकूर. पण कोकणातल्या लाल विंचवाच्या औषधाचा इतिहास शोधायला बसलेला माणूस फिरून फिरून याच टिपणापाशी येतो. विंचू म्हटलं की रात्रभर ठणका, फार तर ताप, सकाळी उतार, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. त्याने माणूस मरतो, आणि तोंडाला फेस येऊन, श्वास कोंडून मरतो, हे त्या टिपणात लिहिलेलं होतं. नोंद झाली, छापली गेली आणि तिच्यावाचून पंधरा वर्षं कुणाचं फारसं काही अडलं नाही. विलायतेत छापून येण्याचं कौतुक असलेल्या आपल्या वैद्यकविश्वाने निदान हे तरी वाचायला हवं होतं.

१९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे, नागपूरला एम.बी.बी.एस. झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं आहे आणि २०२२ची पद्मश्रीही सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे गरिबी, शिक्षण, जिद्द हा भाग इथे पुन्हा सांगत नाही. विंचवाच्या गोष्टीपुरतं महत्त्वाचं आहे ते त्यांनी बिरवाडीत काय पाहिलं आणि ते कसं लिहून ठेवलं हे.

कोकणात लाल विंचू माणसाच्या अगदी शेजारी राहतो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या सांदीत, कौलांखाली, रचलेल्या लाकडांत, भाताच्या पेंढ्यात. भारा उचलताना हाताला डंख बसतो, अंधारात चप्पल सरकवताना पायाला. मग आधी भगत, मग मंत्र, मग कुणीतरी सुचवलेला पाला, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात दवाखाना. दवाखान्यातही तेव्हा हाताशी होतं ते काय? भूल देणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण, ज्याला ‘लायटिक कॉकटेल’ म्हणत. स्टेरॉइड. ऍलर्जीवरची इंजेक्शनं. नाडी मंद लागली की ऍट्रोपिन. यातलं बरंचसं निरुपयोगी होतं. ऍट्रोपिन तर घातक ठरू शकतं हे पुढे बावस्कर पती-पत्नींनीच दाखवून दिलं.

बावस्करांनी केलं ते असं की ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले. दंशानंतर किती वेळाने काय होतं, ते क्रमाने टिपत गेले. आधी उलट्या. अंगाला घामाच्या धारा. तोंडातून लाळ. पुरुषांमध्ये, लहान मुलग्यांमध्येसुद्धा, लिंगाला ताठरपणा. मग हातपाय गार पडत जाणं. रक्तदाब चढणं, नाडी धावणं. आणि काही तासांनी, ज्यांचं नशीब वाईट त्यांना धाप, खोकला, गुलाबी फेस. नवलाची गोष्ट म्हणजे ज्याला असह्य ठणका लागतो, तो बहुधा वाचतो. ज्याला दंशाच्या जागी फारसं दुखत नाही पण अंग घामाने चिंब आहे, त्याच्याकडे आधी धावायला हवं. ओरडणाऱ्याकडे सगळे बघतात आणि गप्प पडलेला हातचा जातो, असा हा उलटा मामला.

ही निरीक्षणं ६ मार्च १९८२च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. हृदयावर घाला येणार हे आधीच सांगणाऱ्या खुणा कोणत्या, एवढाच त्या तीन पानांचा विषय. आजच्या शोधनिबंधांच्या मानाने ते काम फार साधं दिसतं. त्यात महागडं यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप आणि रुग्णाच्या पायाला लावलेला हाताचा तळवा. पाय गार आणि ओले असतील तर धोका. कोरडे आणि उबदार होऊ लागले की सुटका. विजेचा भरवसा नसलेल्या आरोग्य केंद्रात यापेक्षा नेमकी चाचणी कुठली असणार?

आत शरीरात काय चालतं, ते आता बरंच उलगडलं आहे. विंचवाच्या विषातली लहान प्रथिनं मज्जातंतूंवरची सोडियमची दारं वेळेवर मिटू देत नाहीत. तंतू संदेश पाठवतच राहतात. त्यातून आधी थोडा वेळ एका प्रकारच्या स्वायत्त नसांचा जोर होतो (उलट्या, घाम, लाळ), आणि मग ऍड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून पाय गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलताना डाव्या जवनिकेवर ताण येतो, ती थकते, आणि मागे फुप्फुसात पाणी साठतं. म्हणजे माणूस प्रत्यक्ष विषापेक्षा त्या विषाने स्वतःच्याच शरीरात उठवलेल्या वादळाने मरतो.

हे कळल्यावर उपाय कुठल्या दिशेने शोधायचा ते ठरलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. करून बावस्कर पुन्हा याच भागात, पोलादपूरला आले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी आधी वापरलं. ते काम करत होतं, पण ते औषध म्हणजे पहारा. शिरेतून थेंब थेंब द्यायचं, बाटली उजेडापासून झाकायची, रक्तदाब सतत मोजत बसायचा. खेड्यातल्या एकट्या डॉक्टरला हे परवडणारं नव्हतं. मग पुढे आली प्राझोसिन: उच्च रक्तदाबासाठी १९७०च्या दशकात बाजारात आलेली साधी गोळी. ज्या ग्राहींवर ऍड्रेनॅलिनसारखी रसायनं बसून वाहिन्या आवळतात, नेमक्या त्याच ग्राही ती अडवते. तोंडाने द्यायची, मुलांना वजनाच्या हिशेबाने किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, आणि पाय उबदार होईपर्यंत तीन-तीन तासांनी पुन्हा. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठू द्यायचं नाही, कारण रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये याविषयी त्यांचा मजकूर आला. बावस्करांच्या मांडणीनुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २५ ते ३० टक्के होतं. प्राझोसिन आल्यानंतर ते एक टक्क्याच्याही खाली आलं.

हे यश पचायला अवघड गेलं, आणि त्याला कारणंही होती. गोळी जुनी आणि स्वस्त; तिच्यामागे धावण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? शिवाय दोन गटांत रुग्ण वाटून केलेली तुलना नव्हती. मरू घातलेल्या मुलाला औषध न देता शेजारच्या खाटेवर ठेवायचं, हे करणार कोण, असा उलट प्रश्न विचारता येतो. पण शास्त्राच्या दरबारात असा प्रश्न पुरावा म्हणून चालत नाही.

इथून खरा वाद सुरू होतो, आणि तो तिरंगी आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ के. राधाकृष्ण मूर्ती यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते वादळाचा मुख्य बळी म्हणजे इन्सुलिन. ते दबलं की साखर आणि मेदाम्लं रक्तात वाढतात, हृदयाच्या स्नायूला ऊर्जा वापरता येत नाही, म्हणून इन्सुलिन आणि ग्लुकोज द्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवरचे प्रयोग वर्षानुवर्षं प्रसिद्ध केले. तिसरा पक्ष प्रतिविषाचा. घोड्याला विष टोचून मिळवलेलं रक्तद्रव्य सापासाठी चालतं, तर विंचवासाठी का नाही? मुंबईत हाफकिनमध्ये लाल विंचवाचं प्रतिविष तयार होऊ लागलं. चिपळूणजवळच्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातून डॉ. विवेक नातू आणि सहकाऱ्यांनी त्याचे चांगले अनुभव मांडले. त्या लेखकांत मूर्तीही होते. इन्सुलिनवाल्यांचा आणि प्रतिविषवाल्यांचा रस्ता इथे एकत्र आलेला दिसतो.

प्रतिविषावर अविश्वास दाखवणारे परदेशातही कमी नव्हते. इस्रायलमधल्या बीरशेबाचे हृदयरोगतज्ज्ञ मोशे गेरॉन, ज्यांनी विंचवाने हृदयाचं काय होतं यावर पायाभूत काम केलं, ते साशंकच राहिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच ट्युनिशियातली मोठी चाचणी आली: ८२५ रुग्ण, आणि सरसकट प्रतिविष देण्याचा फायदा दिसला नाही. दहा वर्षांनी ऍरिझोनातून नेमका उलटा निकाल आला. तिथल्या विंचवाने अत्यवस्थ झालेली १५ मुलं. प्रतिविष मिळालेली आठही चार तासांत बरी, पाण्यासारखं निष्क्रिय औषध मिळालेल्या सातांपैकी एकच. अर्थात विंचू वेगळे, रुग्णांची गंभीरता वेगळी, विषही वेगळं. तिथलं विष हृदयापेक्षा मज्जासंस्थेवर जास्त उतरतं. हे लक्षात न घेता एकाचा निकाल दुसऱ्याच्या डोक्यावर मारणारे लेख वाचताना हसू येतं.

(ऍरिझोनाचं ते प्रतिविष मेक्सिकोत बनतं. तिथे तेव्हा कुपीला सुमारे १०० डॉलर पडत. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाल्यावर रुग्णालयांनी त्याच कुपीचे हजारो डॉलर लावले. प्रतिविषाच्या गुणाची चर्चा करताना किमतीची चर्चा टाळता येत नाही, ती अशी.)

२०११च्या जानेवारीत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये, म्हणजे मुंडल्यांच्या टिपणानंतर पन्नास वर्षांनी त्याच नियतकालिकात, महाडहून एक चाचणी प्रसिद्ध झाली. लेखक दोघेच: हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्या गटात ३२. सरासरी वेळ पहिल्यात १७.७ तास, दुसऱ्यात ८.

हा आकडा थांबून बघण्यासारखा आहे. पंचवीस वर्षं ज्या गोळीसाठी माणूस वाद घालत आला, तिला एकटीला सोडू नये असा पुरावा त्याने स्वतःच्या खाटांवर, स्वतःच्या हाताने गोळा केला. आपल्याकडे गोळीचा जनक म्हणून सत्कार घेत बसण्याची सोय असताना हे करणं सोपं नाही. बावस्करांच्या सगळ्या कामात हेच सर्वांत मोठं वाटतं, १९८२च्या निबंधाहूनही.

चाचणीच्या मर्यादाही आहेत आणि त्या लपवलेल्या नाहीत. कुणाला काय दिलं हे सर्वांना माहीत होतं. ठिकाण एक. आणि घेतलेले रुग्ण दुसऱ्या टप्प्यातले, म्हणजे वादळ सुरू झालेलं पण हृदय-फुप्फुसं अजून शाबूत असलेले. प्रतिविष रक्तात मोकळं फिरणारं विष पकडतं. नसांवर जाऊन बसलेल्या विषाचा परिणाम पुसणं त्याच्या हातात नाही. प्राझोसिन त्या परिणामाला आवर घालते. म्हणजे दोघांचं काम वेगळं, आणि प्रतिविष जितकं लवकर तितकं बरं. पुढे २०१४ साली पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये मुलांवर झालेल्या चाचणीनेही जोडीच्याच बाजूने कौल दिला. वाद संपला असं कुणी म्हणणार नाही, पण त्याची धार गेली.

डॉक्टर असे भांडत असताना रसायनशास्त्रज्ञांना याच विंचवात निराळंच घबाड सापडलं होतं. १९९० साली लाल विंचवाच्या विषातून ३७ अमिनो आम्लांचं ‘आयबेरिओटॉक्सिन’ वेगळं काढलं गेलं. ते पेशींवरच्या एकाच जातीच्या पोटॅशियम वाहिन्या निवडून बंद करतं. त्या वाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांना त्यातून हवं तसं हत्यार मिळालं. नंतर ‘टॅमापिन’ आलं, ते आणखी वेगळ्या वाहिन्यांवर नेम धरतं. २०१९ साली तर मेक्सिकोतल्या एका विंचवाच्या विषातून, हवा लागताच रंग बदलणारी दोन बेंझोक्विनोन संयुगं मिळाली. तांबडं स्टॅफिलोकॉकसला मारतं, निळं क्षयाच्या जंतूला. मूळ विष मिळतं ते जेमतेम थेंबभर, म्हणून लुइस पोसानी आणि रिचर्ड झेअर यांच्या गटांनी रचना शोधून ती प्रयोगशाळेत बनवून घेतली.

नांगीचं टोकही काही कमी नाही. ऑरेगॉन विद्यापीठातल्या रॉबर्ट स्कोफील्ड यांच्या गटाने २०२१ साली दाखवलं की मुंगीच्या दातांत आणि विंचवाच्या नांगीसारख्या अणकुचीदार अवयवांत जस्त आणि मॅंगनीज मुरलेलं असतं. मुंगीच्या दातात जस्ताचे अणू खनिजाच्या खड्यांसारखे न बसता प्रथिनांत एकसारखे पसरलेले असतात. त्यामुळे कडा अतिशय बारीक ठेवता येते, टिकते, आणि टोचायला जोर कमी लागतो. लहान हत्यारं घडवणाऱ्यांना यातून शिकण्यासारखं बरंच आहे. विंचू अतिनील दिव्याखाली हिरवा-निळा चमकतो, हे तर पुण्याच्या प्राणिसर्वेक्षण विभागातले देशभूषण बस्तवडे यांच्यापासून आजच्या पोरांपर्यंत रात्री विंचू शोधायला जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. टिकाडर आणि बस्तवडे यांचा १९८३चा भारतीय विंचवांवरचा ग्रंथ अजूनही हाताशी लागतो.

आता अडचण आहे ती वेगळ्या ठिकाणी. २००७ साली लाल विंचवाच्या विषाची वस्तुमानाच्या मापाने तपासणी झाली, त्यात कोकणपट्टीतल्या आणि दख्खनच्या पठारावरच्या विंचवांच्या विषातली प्रथिनं सारखी नसल्याचं दिसलं. जात एक, पण घाटाच्या अलीकडचं विष आणि पलीकडचं विष वेगळं. घोड्याला कुठलं विष टोचलं यावर प्रतिविष कुठे चांगलं चालेल हे ठरतं, म्हणून विष दोन्हीकडून गोळा व्हायला हवं. आणि प्राझोसिनची गत अशी की हल्ली दुकानात सहज मिळते ती सावकाश विरघळणारी गोळी. विंचवाच्या रुग्णाला ती उपयोगाची नाही, त्याला जुनी, साधी गोळीच लागते, आणि ती ठेवायची असेल तर आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रात तसं स्पष्ट लिहावं लागतं.