घुबड बस : फोनवरून आखलेला रस्ता

मध्यरात्रीनंतर सेऊलची मेट्रो थांबते. मग उरते टॅक्सी, आणि तिथले टॅक्सीवालेही जवळचं भाडं नाकारण्यात तरबेज (मुंबई-पुणेकरांना हे समजावून सांगायला नको). २०१३ मध्ये महापौर पार्क वोन-सून यांच्या कारकिर्दीत महापालिकेने रात्रभराची बससेवा आणली : एप्रिलमध्ये दोन मार्गांवर चाचणी, सप्टेंबरपासून नऊ मार्ग. नाव ‘घुबड बस’; आपल्याकडे कुणी या नावाला मंजुरी दिली नसती.

खरी गंमत मार्गांच्या आखणीत आहे. पालिकेने केटी या दूरसंचार कंपनीकडून रात्री झालेल्या सुमारे ३०० कोटी फोनकॉलची माहिती घेतली आणि शहराच्या नकाशावर षटकोनी घरं पाडली. फोन कुठून लागला आणि त्याचं बिल कुठल्या भागात जातं, हे जुळवलं की माणसं कुठे खोळंबली आहेत आणि त्यांना कुठे परतायचं आहे, याचा अंदाज येतो. त्यासाठी कुणाचं नाव लागत नाही, घोळक्याचा आकडा पुरतो. या अंदाजावरूनच आधी आखलेले मार्ग दुरुस्त केले.

या बसचे एक हक्काचे प्रवासी म्हणजे मद्यपान केलेल्यांची गाडी त्यांच्या घरी पोहोचवून देणारे भाडोत्री चालक. परतताना त्यांच्याकडे स्वतःचं वाहन नसतं.