स्पेस इन्व्हेडर्स स्वतः बनवून बघा: मित्रांमधली एक प्रोग्रॅमिंग पैज

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या बऱ्याच जणांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. व्हेरिएबल कळलं, इफ-एल्स कळलं, लूप कळला, व्हिडिओ बघताना सगळं पटतंही. पण कोरी फाइल उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. यावर एक मजेशीर उपाय आहे. दोन-तीन मित्र जमवा, एक जुना आर्केड गेम ठरवा आणि शनिवार-रविवारात प्रत्येकाने तो आपापल्या पद्धतीने पुन्हा बनवा. रविवारी संध्याकाळी एकमेकांचे गेम खेळून बघायचे. ज्याचा गेम सोडवत नाही, तो जिंकला. हरणाऱ्यांनी वडापाव आणायचे.

अशा पैजेसाठी आमची पसंती स्पेस इन्व्हेडर्सला आहे. पाँग दोन तासांत संपतो. पॅक-मॅन घेतला तर नवशिक्या माणूस भूतांपर्यंत पोहोचायच्या आधीच चक्रव्यूहात हरवतो. स्पेस इन्व्हेडर्स बरोबर मधला आहे. शिवाय त्यात एक अशी मेख आहे, जी हा गेम नुसता खेळून कळत नाही, बनवायला बसल्यावरच कळते.

आधी मूळ गेम काय होता ते पाहू. तो १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीने आणला. बनवणारे होते तोमोहिरो निशिकादो. गेमची कल्पना, प्रोग्रॅम, चित्रं आणि तो चालवणारं हार्डवेअर असं जवळजवळ सगळं काम त्यांनी एकट्याने केलं. स्क्रीनवर ११ एलियनच्या ५ रांगा, म्हणजे एकूण ५५ एलियन. ही पलटण आडवी सरकते, कडेला पोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट्या दिशेने निघते. खाली तुमची तोफ, ती फक्त डावीकडे-उजवीकडे हलते. मध्ये आडोशाला चार ढाली. खालच्या दोन रांगांतला एलियन मारला तर १० गुण, मधल्या दोन रांगांत २० आणि सगळ्यात वर ३०. पलटण तुमच्यापर्यंत खाली पोचली की खेळ खलास.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला पलटण गोगलगायीसारखी सरकते. जसजसे एलियन मरतात, तसतसा उरलेल्यांचा वेग वाढत जातो. शेवटचा एकटा एलियन तर इतका सुसाट पळतो की नेम धरताना घाम फुटतो. या गेमची सगळी धडधड याच गोष्टीत आहे. मग साहजिकच वाटतं की प्रोग्रॅममध्ये कुठेतरी ‘एलियन मेला की वेग वाढव’ अशी ओळ असणार.

तशी ओळ तिथे नव्हती!

मशीनमध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता, २ मेगाहर्ट्झचा. स्क्रीन सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने रंगवली जाते. अशा प्रत्येक वेळेला फ्रेम म्हणतात. म्हणजे एका फ्रेममध्ये प्रोसेसरच्या हाती फक्त ३३ हजारांच्या आसपास ठोके. तेवढ्यात ५५ एलियन पुसून नव्या जागी काढणं त्याला झेपणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये फक्त एकच एलियन हलवला जायचा. पहिल्या फ्रेममध्ये पहिला, दुसऱ्या फ्रेममध्ये दुसरा, असं करत पूर्ण पलटण एक पाऊल सरकायला ५५ फ्रेम लागायच्या, म्हणजे जवळपास ०.९ सेकंद.

आता १० एलियन उरले आहेत असं समजा. एका पावलाला १० फ्रेम, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. एकच उरला तर प्रत्येक फ्रेमला एक पाऊल. वेग आपोआप ५५ पट! प्रोसेसरचं ओझं कमी होत गेल्यामुळे खेळ वेगवान होतो हे निशिकादो यांच्या लक्षात आलं, आणि ते दुरुस्त करत बसण्याऐवजी त्यांनी तसंच ठेवलं. हार्डवेअरची मर्यादा हीच खेळाची मजा झाली.

तुमच्या लॅपटॉपला ही अडचण नाही. तो ५५ काय, ५५ हजार ठिपके एका फ्रेममध्ये सहज हलवेल. म्हणून नवीन माणूस सगळ्या एलियनना एकदम हलवतो आणि एक मेला की वेगात ठरावीक आकडा मिळवतो. गेम चालतो, पण खेळताना काहीतरी बेचव लागतं. कारण साधं गणित आहे. ठरावीक आकडा मिळवला की वेग सरळ रेषेत वाढतो, प्रत्येक एलियनमागे सारखाच. मूळ गेममध्ये मात्र ५५ चे ५४ झाले तर फरक जाणवतही नाही, आणि दोनाचा एक झाला की वेग एकदम दुप्पट होतो. सगळा ताण शेवटच्या पाच-सहा एलियनमध्ये साठलेला असतो.

तेव्हा पैजेत हा प्रयोग जरूर करा. एलियनची यादी बनवा आणि ‘आता कुणाची पाळी’ हे सांगणारा एक आकडा ठेवा. प्रत्येक फ्रेममध्ये ज्याची पाळी त्याला दोन पिक्सेल सरकवा आणि पाळी पुढे ढकला. मेलेल्या एलियनची पाळी आली तर त्याच फ्रेममध्ये त्याला ओलांडून पुढच्या जिवंत एलियनकडे जा. खरी गोम इथेच आहे. मेलेल्यावर एक फ्रेम वाया घालवली तर एका फेरीला कायम ५५ फ्रेमच लागतील आणि वेग कधीच वाढणार नाही. एका छोट्या अटीवर अख्खा गेम उभा आहे.

दुसरी अडचण कडेची. एखादा एलियन कडेला टेकला की लगेच दिशा बदलायचा मोह होतो. तसं केलं तर ज्यांची पाळी होऊन गेली ते एकीकडे आणि उरलेले दुसरीकडे, पलटणीची पार फाटाफूट! म्हणून कड लागली की फक्त नोंद करून ठेवा. फेरी पूर्ण झाली की मग दिशा बदला, आणि पुढच्या फेरीत प्रत्येकाला आपापल्या पाळीला खाली उतरवा. मूळ गेममध्ये पलटण लाटेसारखी डुलत चालते, ती यामुळेच.

आता पैज निकालात निघायची असेल तर एक गोष्ट आधी पक्की करा. एकाचा मॉनिटर ६० हर्ट्झचा आणि दुसऱ्याचा १४४ हर्ट्झचा असेल, तर ‘दर फ्रेमला एक पाऊल’ असा लिहिलेला गेम दुसऱ्याकडे जवळपास अडीचपट वेगाने पळेल. उपाय असा: मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला तो मोजून एका डब्यात साठवत जा. डब्यात सेकंदाचा साठावा भाग जमला की खेळाचं एक पाऊल टाका आणि तेवढा वेळ डब्यातून वजा करा. स्क्रीन कितीही वेळा रंगवली जावो, खेळ ६० च्याच ठेक्यावर चालेल. हे एकदा जमलं की पुढे कुठल्याही गेमला उपयोगी पडतं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. मूळ गेममध्ये तुमची एकच गोळी एका वेळी स्क्रीनवर असू शकते. ती लागेपर्यंत किंवा वर जाऊन संपेपर्यंत दुसरी सुटत नाही. ही अट काढू नका. नेम चुकला की गोळी वर जाऊन संपेपर्यंत हातावर हात ठेवून बघत बसावं लागतं, तीच चुकल्याची शिक्षा. ढालींसाठी शून्य आणि एक अशा आकड्यांची जाळी बनवा आणि गोळी लागेल तिथले एक पुसून शून्य करा. मग ढाल कुरतडल्यासारखी झिजते, आणि हुशार खेळाडू खालून गोळ्या मारून तिच्यात बारीक भोक पाडतो व त्यातून नेम धरतो. मूळ स्क्रीन कृष्णधवल होती. रंग दिसायचे ते स्क्रीनवर लावलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. तेव्हा तुम्हीही ग्राफिक्सवर वेळ घालवू नका, चौकोन चालतील. गेम इंटरनेटवर टाकायचा असेल तर नाव आणि चित्रं मात्र स्वतःची द्या, मूळ गेम टायटोचा आहे.

भाषा कुठलीही चालेल. पायथन येत असेल तर पायगेम, ब्राउझरमध्ये करायचं असेल तर जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास, घरातल्या शाळकरी मुलांना स्क्रॅच. एआयचं काय? त्याला सांगितलं तर मिनिटाभरात चालता गेम मिळेल, हे सगळ्यांना माहीत आहे. बंदी घालून उपयोग नाही, कोण पाळणार? त्यापेक्षा आम्हाला एक नियम जास्त पटतो. रविवारी प्रत्येकाच्या कोडमधली कुठलीही एक ओळ दुसऱ्याने दाखवायची आणि विचारायचं, ‘ही काढली तर काय होईल?’ आधी उत्तर द्यायचं, मग ओळ काढून गेम चालवायचा. उत्तर बरोबर निघालं तर गुण. चर्चा इथेच सगळ्यात जास्त रंगते.

आणि वेळ उरलाच तर वरून जाणारी ती गूढ तबकडी बनवा. तिचे गुण ५० ते ३०० पर्यंत कितीही मिळतात, म्हणून ते नशिबावर आहेत असं वाटतं. पण मूळ गेममध्ये ते तुम्ही आतापर्यंत किती गोळ्या झाडल्या यावरून ठरायचे. २३ वी गोळी तबकडीला लागली की ३००, आणि त्यापुढे दर १५ व्या गोळीला पुन्हा ३००. निष्णात खेळाडू गोळ्या मोजत खेळायचे. तुमच्या गेममध्येही हा हिशेब घाला, पण मित्रांना सांगू नका. बघा, कुणाच्या लक्षात येतंय का.