तेलाचा पंप: मोठा की योग्य?

जर्मनीत जन्मलेल्या फोक्सवॅगन ‘बीटल’ मोटारीचे उत्पादन २००३ साली मेक्सिकोत थांबले. तथापि तशा हजारो गाड्या आजही जतन करून चालविल्या जातात. हिचे एंजिन पाण्याने नव्हे, हवेने थंड होते. त्यामुळे वंगणतेलावर दुहेरी भार पडतो: घर्षण कमी करणे व उष्णता वाहून नेणे. आणि ते तेल असते अवघे अडीच लिटर!

तेल फिरविणाऱ्या पंपात दोन दंतचक्रे एकमेकांत गुंतून फिरतात. दाते व कवच यांमधील पोकळ्यांत शिरलेले तेल पुढे ढकलले जाते. चक्रे जितकी रुंद, तितके तेल अधिक. म्हणूनच २६ व ३० मिलिमीटर रुंदीच्या चक्रांचे मोठे पंप मिळतात.

मग सर्वांत मोठाच का घेऊ नये? पंप केवळ प्रवाह देतो. दाब निर्माण होतो तो बेअरिंगांच्या अरुंद फटींतील विरोधामुळे. फटी झिजून रुंदावल्या की दाब उतरतो. मोठा पंप तो वाढवील, पण झीज झाकून ठेवील. शिवाय थंडीत तेल दाट झाले म्हणजे जादा दाब सोडणारी झडप अपुरी पडून तेल-शीतक फुटण्याचा धोका असतो.

तेव्हा प्रथम फटी मोजाव्यात. पंप आपल्या कॅमदंडाशी जुळतो की नाही, हेही पाहावे. सुस्थितीतील साध्या एंजिनास २६ मिलिमीटरचा पंप बहुधा पुरतो. बाहेरचा गाळक व दुसरा शीतक जोडावयाचा असेल, तरच त्याहून मोठ्याचा विचार करावा.